वाचकांचे प्रश्न : स्पीकरच्या मोजणीसाठी कोणता ऑडिओ इंटरफेस घ्यावा?

प्रश्न : भजने आणि नाट्यगीते ऐकण्यासाठी मी घरीच टू-वे (खालच्या स्वरांसाठी वूफर आणि वरच्या स्वरांसाठी ट्वीटर असलेल्या) स्पीकरची जोडी तयार करत आहे. पेट्या सुताराकडून करून घेतल्या आहेत. क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज या दोघांत वाटून देणारे सर्किट, मात्र प्रत्यक्ष मोजणी करूनच आखायचा आहे. थेट यूएसबीला जोडता येणारा माईक घ्यावा, की इंटरफेस (माईक आणि स्पीकर संगणकाला जोडणारे उपकरण) आणि वेगळा माईक? दुकानदार उत्तम प्रीअँप (माईकचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) असलेला महागडा इंटरफेसच घ्या, असा आग्रह धरतो. — एक वाचक, फोंडा

उत्तर : बसण्याच्या जागी बास कुठे घुमतो आणि कुठे दबतो एवढेच पाहायचे असते, तर यूएसबी माईक पुरेसा होता. क्रॉसओव्हर आखताना मात्र वूफरचा आणि ट्वीटरचा आवाज माईकपर्यंत पोचण्याच्या वेळेतला फरक अचूक कळावा लागतो. यूएसबी माईकचे घड्याळ वेगळे, आवाज सोडणाऱ्या साउंड कार्डचे वेगळे, आणि संगणकातला विलंबही दर मोजणीला सारखा नसतो. त्यामुळे हा फरक सरळ हाती लागत नाही. आपल्याकडच्या ३० अंश तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, म्हणजे २,५०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जेमतेम १४ सेंटिमीटर भरते. अशा ठिकाणी ०.१ मिलिसेकंदाची गफलत झाली, तरी फेज, म्हणजे तरंगाच्या चढउताराची स्थिती, ९० अंशांनी चुकतो आणि त्यावर बेतलेला क्रॉसओव्हर प्रत्यक्षात जुळत नाही. आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या स्पीकरमधून संदर्भध्वनी सोडून ही अडचण बरीच कमी करण्याची सोय आहे. तरीही नव्याने खरेदी करायचीच असेल, तर ती उसनवारी कशाला, असे मला वाटते.

तेव्हा दोन इनपुटांचा इंटरफेस घ्या. पहिल्या इनपुटला माईक लावायचा आणि इंटरफेसचेच एक आउटपुट छोट्या केबलने दुसऱ्या इनपुटला परत आणायचे; यालाच लूपबॅक म्हणतात. दोन्ही संकेत एकाच घड्याळावर नोंदले जात असल्याने संगणकातला विलंब दोहोंत सारखाच येतो आणि वजा होऊन जातो. हे दुसरे इनपुट तुमच्या कामात प्रीअँपच्या दर्जापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. पंखे बंद केले तरी घरातल्या खोलीत ३०-३५ डेसिबल आवाज असतोच, आणि त्यापुढे साध्या इंटरफेसची स्वतःची खरखर नगण्य ठरते. फोकसराइट स्कार्लेट २आय२, मोटू एम२ किंवा बेहरिंगर यूएमसी२०२एचडी यांपैकी कोणताही चालेल. त्यांत जो स्वस्त आणि जवळपास दुरुस्त होईल तो घ्या. वाचलेले पैसे कॅलिब्रेशन फाइलसह (त्या माईकच्या चुका भरून काढणाऱ्या नोंदीसह) मिळणाऱ्या माईकवर खर्च करा. बहुतेक मोजणी-माईकना ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) लागतो, तेवढी सोय इंटरफेसवर आहे ना, हे पाहून घ्या.

मोजणीची खरी मर्यादा उपकरणात नसून जमिनीत असते. स्पीकर आणि माईक दोन्ही १.२ मीटर उंचीवर आणि एकमेकांपासून १ मीटरवर ठेवले, तर जमिनीवरून परतणारा आवाज २.६ मीटर प्रवास करून, म्हणजे थेट आवाजानंतर सुमारे ४.६ मिलिसेकंदांनी पोचतो. त्याच्या आधीचाच भाग घ्यावा लागत असल्याने साधारण २२० हर्ट्झच्या खालचे या पद्धतीने कळत नाही. तेवढ्या भागासाठी माईक वूफरच्या पडद्याजवळ नेऊन वेगळी मोजणी करावी आणि दोन्ही आलेख जोडावेत. उंच छताचे जुने घर असेल, तर स्पीकर आणखी वर चढवा, लगेच फायदा दिसेल.

हेडफोनचे आउटपुट, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि दोन इनपुटे एवढ्यावर वूफरचा इंपीडन्सही (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) मोजता येतो, आणि तो क्रॉसओव्हरसाठी लागतोच.

दोन गोष्टींची काळजी अवश्य घ्या. इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटर बंद ठेवा, नाहीतर माईकचा आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडेल आणि मोजणी बिघडेल. अँप्लिफायरचे आउटपुट कधीही सरळ इनपुटला जोडू नका. आजच्या अनेक क्लास-डी अँप्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर संकेत असतो, त्यांतले कोणतेही ग्राउंड नसते. तिथे इनपुटचे ग्राउंड लावले, तर अँप्लिफायर जळू शकतो.

प्रश्न : इंटरफेसचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी घेतल्या जातात तो वेग) ४८ किलोहर्ट्झ पुरेसा आहे का, की १९२ किलोहर्ट्झचा इंटरफेस घ्यावा? पावसाळ्यात माईक कसा जपावा? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : ४८ किलोहर्ट्झवर २४ किलोहर्ट्झच्या जवळपासपर्यंत मोजता येते, आणि ऐकू येणारा भाग २० किलोहर्ट्झवर संपतो. धातूच्या घुमटाच्या ट्वीटरचा अनुनाद २५ ते ३० किलोहर्ट्झदरम्यान असू शकतो. तो पाहण्याची इच्छा असेल, तर ९६ घ्या. १९२ साठी वेगळे पैसे मोजू नका.

माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेने प्लगवर गंज चढतो, म्हणून जॅक अधूनमधून काढून पुन्हा घाला आणि दर हंगामात लूपबॅकची एक मोजणी करून जुन्या आलेखाशी ताडून पाहा. मंगलोरी कौलांवर पाऊस कोसळत असेल, तेव्हा मोजणीला बसूच नका.