शंका-समाधान : इटालियनची आडमुठी क्रियापदं

(इटालियन शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. 'न्न', 'र्र', 'म्म' असं एकच व्यंजन दुप्पट दिसलं की त्या अक्षरावर खरोखर थांबायचं. इटालियनमध्ये त्याने अर्थ बदलतो.)

प्रश्न : 'वेनीरे', म्हणजे 'येणं', या एका क्रियापदाचा तक्ता मी तीनदा पाठ केला आणि तिन्ही वेळा आठवड्याभरात विसरलो. अशी शेकडो अनियमित क्रियापदं पाठ करायची तरी कशी?

तक्ता पाठ करू नका. साध्या काळांचीच एका क्रियापदाची सत्तेचाळीस रूपं होतात. ती सुटी सुटी डोक्यात राहत नाहीत आणि राहायची गरजही नाही. 'वेनीरे'ची पाचच रूपं पक्की करा: वेनीरे, वेंगो, वेन्नी, वेर्रो, वेनूतो. म्हणजे मूळ रूप, 'मी येतो', भूतकाळातलं 'मी आलो', 'मी येईन' आणि 'आलेला'. बाकीची रूपं या पाचांतून निघतात.

'वेंगो'पासून सुरुवात करू. वर्तमानकाळ असा चालतो: वेंगो, व्येनी, व्येने, वेनियामो, वेनीते, वेंगोनो. 'ते येतात'चं वेंगोनो हे 'मी येतो'च्या वेंगोवरूनच आलं आहे. मधल्या व्येनी-व्येनेमध्ये आघात धातूवर पडतो, म्हणून 'ए'चा 'ये' झाला. वेनियामो-वेनीतेमध्ये आघात पुढे सरकतो आणि धातू पूर्ववत होतो. आता वेंगोचा 'ओ' काढून 'आ' लावा. 'वेंगा' मिळालं, आणि हेच कोंजुंतीवोचं वर्तमान रूप. इच्छा, शंका, आशा सांगणारा हा अर्थ आपल्या विध्यर्थाच्या जवळचा आहे. मी, तू, तो या तिघांना एकच 'वेंगा' चालतं आणि 'ते'साठी 'वेंगानो'. 'आम्ही'चं रूप वर्तमानकाळातलंच वेनियामो राहतं, 'तुम्ही'साठी त्यातला 'मो' काढून 'ते' लावा: वेनियाते. याच वाटेने एस्को (बाहेर पडतो) वरून एस्का, दीको (सांगतो) वरून दीका, पोस्सो (शकतो) वरून पोस्सा. ही वाट न मानणारी नेहमीच्या वापरातली पाचच क्रियापदं आहेत: एस्सेरे (असणं), आवेरे (जवळ असणं), सापेरे (ठाऊक असणं), दारे (देणं), स्तारे (राहणं). त्यांची रूपं सीआ, आब्ब्या, साप्प्या, दीआ, स्तीआ. ही पाच तेवढी घोकून टाका.

'वेर्रो'तल्या 'वेर्र-'वर भविष्यकाळ उभा राहतो आणि त्याच अंगावर कोंदित्स्योनाले, म्हणजे 'आलो असतो' सांगणारं रूप: वेर्रेई, वेर्रेस्ती, वेर्रेब्बे. इथे अपवाद एकही नाही. 'वेनूतो' सगळ्या संयुक्त काळांना, म्हणजे सहायक क्रियापद जोडून होणाऱ्या काळांना, पुरतं. राहिलं 'वेन्नी', त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

वहीत पाच रकाने आखा आणि रोज दोन क्रियापदं भरा. एस्सेरे आणि आवेरे मात्र पूर्ण पाठच करावी लागतात. सगळे संयुक्त काळ त्यांच्याच खांद्यावर आहेत, तेव्हा तिथे कंजुषी नको. आणि अनियमितपणाला बिचकू नका. 'जा'वरून 'गेलो', 'हो'वरून 'झालो', 'कर'वरून 'केलं' आपण दिवसभर म्हणतोच की!

प्रश्न : पास्सातो रेमोतो या भूतकाळात 'फारे'ची (करणं) रूपं फेची, फाचेस्ती, फेचे, फाचेम्मो, फाचेस्ते, फेचेरो अशी होतात. यात काही नियम आहे की नाही?

आहे, आणि इटालियनमधला सर्वांत उपयोगी नियम हाच. सहा रूपांपैकी 'मी', 'तो' आणि 'ते' ही तीनच बिघडलेली असतात. 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' सरळ असतात. 'स्क्रीवेरे' (लिहिणं) घ्या: स्क्रिस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रिस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रिस्सेरो. मोठ्याने म्हणून बघा. बिघडलेल्या तिन्ही रूपांत जोर 'स्क्रिस्'वर येतो, सरळ रूपांत तो प्रत्ययावर जातो. धातूवर आघात होता तिथे जुनं लॅटिन वळण टिकलं, प्रत्ययावर गेला तिथे धातू साधा राहिला. म्हणजे पाठ करायचं एकच, 'मी'चं रूप. त्याचा 'ई' काढून 'ए' लावला की 'तो', 'एरो' लावलं की 'ते'.

'मी'च्या रूपांचेही गोतावळे आहेत. प्रेंदेरे (घेणं), क्यूदेरे (बंद करणं) यांसारखी बरीच '-देरे'वाली '-सी' घेतात आणि त्यांचं विशेषण ('आलेला'सारखं रूप) '-सो' होतं: प्रेसी-प्रेसो, क्यूसी-क्यूसो. लेज्जेरे (वाचणं)चं लेस्सी-लेत्तो. प्यांजेरे (रडणं)चं प्यांसी-प्यांतो. पण स्त्रिंजेरे (आवळणं)चं स्त्रिंसी होऊनही विशेषण 'स्त्रेत्तो' होतं, तिथे हमखास चूक होते. काही क्रियापदं व्यंजन दुप्पट करतात: कादेरे (पडणं)चं काद्दी, सापेरे (ठाऊक असणं)चं सेप्पी, वोलेरे (हवं असणं)चं वोल्ली. 'मला हवं होतं' या अर्थी 'वोल्सी' लिहू नका, ते 'वोल्जेरे' म्हणजे 'वळवणं' याचं रूप आहे.

या नियमात न बसणारी तीन: एस्सेरे (फूई, फोस्ती, फू, फुम्मो, फोस्ते, फूरोनो), दारे (द्येदी, देस्ती, द्येदे, देम्मो, देस्ते, द्येदेरो) आणि स्तारे (स्तेत्ती, स्तेस्ती, स्तेत्ते, स्तेम्मो, स्तेस्ते, स्तेत्तेरो).

आता 'तू'च्या रूपाकडे बघा. फाचेस्तीचा '-स्ती' काढून '-स्सी' लावलं की 'फाचेस्सी', हाच कोंजुंतीवोचा भूतकाळ. देस्तीवरून देस्सी, स्तेस्तीवरून स्तेस्सी, फोस्तीवरून फोस्सी. एकही क्रियापद याला अपवाद नाही. 'दास्सी', 'स्तास्सी' हे चुकीचे प्रकार ही वाट माहीत नसल्याने होतात. इटलीतल्या माणसांकडूनही ते ऐकू येतात, पण लिहिताना ते चूकच.

उत्तर इटलीत रोजच्या बोलण्यात हा काळ फारसा येत नाही, तिथे संयुक्त भूतकाळ चालतो. दक्षिणेत तो बोलण्यातही आहे. कथा-कादंबऱ्या आणि इतिहास मात्र सगळीकडे बहुधा यातच लिहिला जातो. तेव्हा वाचायचं असेल तर टाळता येणार नाही.

प्रश्न : 'बेरे' म्हणजे पिणं, पण 'मी पितो' म्हणजे 'बेवो'. हा 'व' आला कुठून?

तो आधीपासूनच होता. मूळ रूप 'बेवेरे' होतं, ते आखडून 'बेरे' झालं. तसंच फारेमागे 'फाचेरे', दिरेमागे 'दिचेरे', पोर्रे (ठेवणं) मागे 'पोनेरे', त्रादुर्रे (भाषांतर करणं) मागे 'त्रादुचेरे' दडलेलं आहे. हे जुनं रूप मनात धरलं की चालू भूतकाळ सरळ होतो: बेवेवो, फाचेवो, दिचेवो, पोनेवो, त्रादुचेवो. भविष्यकाळ मात्र आखडलेल्या रूपावरून घ्यायचा: बेर्रो, फारो, दिरो, पोर्रो, त्रादुर्रो. विशेषणं वेगळी लक्षात ठेवा: बेवूतो, फात्तो, देत्तो, पोस्तो, त्रादोत्तो.

प्रश्न : 'मला वेळ असता तर आलो असतो' याचं इटालियन मी 'से आव्रेई तेंपो, वेर्रेई' असं केलं. शिक्षिकेने 'आव्रेई' हा शब्दच खोडला. का?

कारण तुम्ही मराठीत विचार केलात, आणि मराठीत तो बरोबरच होता. आपल्या संकेतार्थात दोन्ही तुकड्यांना 'असता–असतो' एकाच घडणीचं येतं. इटालियनमध्ये त्या दोन तुकड्यांना दोन वेगळी रूपं लागतात. 'से' (जर) च्या तुकड्यात कोंजुंतीवोचा भूतकाळ, मुख्य तुकड्यात कोंदित्स्योनाले: 'से आवेस्सी तेंपो, वेर्रेई.' मराठी माणसाची ही चूक किती अभ्यास झाला तरी डोकं वर काढते, म्हणून इटालियन घडणीची सवयच लावून घ्यायला हवी.

वेळ निघून गेलेली असेल तर दोन्ही तुकडे संयुक्त होतात. 'तू आला असतास तर मी गेलो असतो' : 'से तू फोस्सी वेनूतो, ईओ सारेई अंदातो.' मराठीत 'मला वेळ असता तर आलो असतो' हे आजबद्दल आहे की कालबद्दल, ते संदर्भावरून कळतं. इटालियनमध्ये आधी ठरवूनच तोंड उघडावं लागतं. लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच विचारा: अजून होऊ शकतं, की संधी गेली? होऊ शकत असेल तर 'आवेस्सी… वेर्रेई', गेली असेल तर 'आवेस्सी आवूतो… सारेई वेनूतो'.

'से'चा अर्थ 'की नाही' असा असेल तेव्हा कोंदित्स्योनाले चालतं. 'नोन सो से वेर्रेई', म्हणजे 'मी आलो असतो की नाही, सांगता येत नाही', हे शुद्ध वाक्य आहे.

प्रश्न : 'वोर्रेमो' आणि 'वोर्रेम्मो' यांत फरक आहे का?

मोठा. पहिलं 'आम्हाला हवं असेल', दुसरं 'आम्हाला हवं होतं' असं नम्रपणे मागणं. फरक एका 'म'चा, आणि तो प्रत्येक क्रियापदाच्या 'आम्ही'च्या रूपात येतो: सारेमो–सारेम्मो, फारेमो–फारेम्मो. आपल्या कानाला हे अवघड नाही. 'पती' आणि 'पत्ती' आपण सहज वेगळे ऐकतो. चूक लिहिताना होते.

प्रश्न : अनोळखी माणसाला 'या', 'सांगा' म्हणताना आज्ञार्थ वापरला तर उद्धट वाटतं का?

'तू'चा आज्ञार्थ वापरलात तर वाटेल. आदरार्थी 'लेई'साठी इटालियन कोंजुंतीवो वापरते: वेंगा, दीका, फाच्चा, सीआ. आपण 'आपण यावं', 'आपण सांगावं' म्हणतो ना, नेमका तोच मार्ग. म्हणजे यासाठी नवीन काहीच पाठ करायचं नाही.

'तू'साठी पाच छोटी रूपं आहेत: दी (सांग), फा (कर), दा (दे), स्ता (राहा), वा (जा). यांना सर्वनाम चिकटलं की त्याचं व्यंजन दुप्पट होतं: दी अधिक मी (इटालियनमधलं 'मला') म्हणजे 'दिम्मी', दा अधिक मी म्हणजे 'दाम्मी'. 'त्याला' या अर्थाचं 'ल्यी' तेवढं दुप्पट होत नाही: दील्यी. आदरार्थी रूपात सर्वनाम आधी आणि सुटं येतं: 'मी दीका'. 'मला सांग' म्हणजे दिम्मी, 'मला सांगावं' म्हणजे मी दीका. या दोघांची सरमिसळ करून 'दीकामी' म्हणू नका.

नकारात 'तू'साठी मूळ रूपच येतं: 'नोन फारे'. 'लेई'साठी 'नोन फाच्चा'.

प्रश्न : 'वेनूतो' कधी 'वेनूता' होतं?

सहायक क्रियापद एस्सेरे असेल तेव्हा ते कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं: तो आला 'ए वेनूतो', ती आली 'ए वेनूता', ते आले 'सोनो वेनूती', त्या आल्या 'सोनो वेनूते'. आवेरे असेल तर साधारणपणे बदलत नाही: 'ओ स्क्रित्तो ला लेत्तेरा', मी पत्र लिहिलं. पण 'लेत्तेरा' स्त्रीलिंगी आहे, आणि तिच्या जागी सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं की 'लो स्क्रित्ता' म्हणावं लागतं (इथला 'लो' म्हणजे ला अधिक ओ). आपण 'चिठ्ठी लिहिली' म्हणताना क्रियापद कर्माकडे वळवतोच. इटालियन तसं करते ते कर्म 'लो, ला, ली, ले' या सर्वनामाच्या रूपात क्रियापदाच्या आधी आलं की.