रत्नागिरीत रिस्टोअर केलेली १९७० ची फियाट ११०० बघतोय. ओरिजिनल आहे की बदललेली, कसं ओळखावं?

आधी आरसी घ्या आणि चॅसी व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडा. इंजिन १०८९ सीसीचं आणि गिअर स्टिअरिंगजवळ हवा. डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर मी सरळ नाही म्हणेन. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको.

आपल्याकडे खरी भीती खाऱ्या हवेने पत्र्याला लागणाऱ्या गंजाची. चकचकीत रंगाला भुलू नका; दारांखालच्या पट्टीवर आणि चाकांच्या कमानींवर लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही तर आत पुट्टी आहे. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघाच. नवा पत्रा नीट जोडलेला असेल तर हरकत नाही, फक्त मालकाने कामाचे फोटो दाखवावेत.