स्टेट फुगतात, समरूप आलेख कसे ओळखावेत?

प्रश्न : आमचा मॉडेल चेकर (प्रोग्रामच्या सगळ्या शक्य स्थिती तपासणारं साधन) प्रत्येक स्टेट, म्हणजे स्थिती, आलेख (नोड आणि त्यांना जोडणाऱ्या कडा) म्हणून साठवतो. पाच सारख्या प्रोसेस घेतल्या की मेमरी संपते. उपाय?

उत्तर : पाच प्रोसेसच्या अदलाबदलीने एकाच स्टेटच्या 120 पर्यंत प्रती निघतात. त्यातली एकच साठवायची, म्हणून समरूप (रचना तीच, फक्त नोडची अदलाबदल झालेले) आलेख ओळखायचे. प्रत्येक नोडला लेबलवरून रंग द्या. मग शेजाऱ्यांचे रंग, कडांची लेबलं आणि दिशा मिसळून तो बदलत राहा. एका रंगाच्या नोडचा एक गट; गटांची संख्या वाढायची थांबली की रंग क्रमाने लावून हॅश (आलेखाची छोटी आकडी खूण) काढा. त्यात नोडचा आयडी शिरला तर सगळंच मुसळ केरात!

हॅश जुळला म्हणून आलेख समरूप धरू नका. सहा नोडचं एक वर्तुळ आणि दोन सुटे त्रिकोण यांचे रंग सारखेच येतात. तिथे नोडशी नोड जुळवून पाहावंच लागतं, नाहीतर न तपासलेली स्टेट गळते आणि बग निसटतो.