पिकअपवर बसवायला हलका, साधासुधा कॅम्पर कोणता घ्यावा?

आधी एक काम करा. कॅम्परचे व्हिडिओ बंद करून गाडीचं आरसी बुक काढा.

तुम्ही लिहिलंय की गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, राहायला बाणेरला, नवरा-बायको दोघंच शनिवार-रविवार कोकणात किंवा घाटमाथ्यावर जाणार, हॉटेल शोधत बसायचं नाही, आणि अमेरिकेत मिळतात तसा एखादा हलका कॅम्पर, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेला खोका, हौद्यावर चढवायचा आहे. मी भोसरीत शीटमेटलच्या कारखान्यात डिझाइनचं काम बघते आणि घरची पिकअप भाऊ आणि मी दोघं वापरतो, म्हणून माझं मत सांगते: दोघांसाठी, पुण्यातून, बंद भिंतींची कॅनोपी (हौद्यावर टोपीसारखं बसणारं आच्छादन) आणि आत झोपायचा फळ्यांचा माच, एवढंच घ्या. त्यापुढचं जे काही आहे ते वजन आहे.

आता आरसीचं. त्यावर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि माल-माणसांसकट चालणारं एकूण वजन. दोघांतला फरक म्हणजे तुमचं पासिंग. कायद्यात रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे तिच्यात ड्रायव्हर धरलेला नाही, त्यामुळे पहिली वजाबाकी स्वतःचीच करायची. समजा फरक ४०० किलो आला (तुमचा वेगळा असेल, गाडी खाजगी नोंदणीची असेल तर बहुधा कमीच). दोघांचे १५० गेले, राहिले २५०. फायबरची कॅनोपी ६०, माच ३५, पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलोच. गादी, कपडे, भांडी, शेगडी, बॅटरी, जॅक, दोरखंड मिळून ७० धरा. उरले ४५. यात छतावरचा तंबू बसत नाही, तो एकटाच ५०-६० किलोंचा असतो. फ्रिज बसेल, पण मग वाटेत कोणाला लिफ्ट द्यायची नाही आणि येताना आंब्याच्या पेट्याही आणायच्या नाहीत.

तुम्ही पाहिलेले कॅम्पर ज्या गाड्यांवर बसतात त्यांचं गणितच वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात डबल कॅबच्या, म्हणजे दोन ओळी सीटच्या, टोयोटा हायलक्सला किंवा इसुझू डी-मॅक्सला टनाच्या आसपास भार चालतो, आपल्याकडे खाजगी नोंदणीच्या पिकअपला त्याहून बराच कमी. अमेरिकेत फोर व्हील कॅम्पर्स ही कंपनी १९७२पासून छत वर उचललं जाणारे कॅम्पर बनवते. त्यांतली ओटा, फ्रिज, शेगडीवाली मॉडेलं रिकामीच ४०० किलोंच्या पुढे जातात. म्हणजे आपण वर धरलेला सगळा भार एका खोक्यातच संपला, माणसं बसायच्या आधी. मॉन्टानातल्या बोझमनची गो फास्ट कॅम्पर्स मात्र उलट्या वाटेने गेली: पोकळ नळ्यांची चौकट, पाचरीसारखं उघडणारं छत, वरच्या मजल्यावर गादी आणि खाली काहीच नाही. मध्यम आकाराच्या पिकअपसाठी वजन सव्वाशे किलोंच्या आसपास. दक्षिण आफ्रिकेतल्या ॲलू-कॅबचा ॲल्युमिनियमचा कॅनोपी कॅम्परही पाचरीसारखाच उघडतो. यांतलं काही मागवायचा विचार असेल तर सोडून द्या. जहाजाचं भाडं, आयात शुल्क, आणि वर अमेरिकेतले कॅम्पर ज्या हौद्यांच्या मापाने बनतात ते बहुतेक आपल्याकडे नाहीत. कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे, आणि ती कल्पना म्हणजे ‘खाली काहीच नाही’ हा भाग.

खरी अडचण लांबीची आहे. डबल कॅबचा हौदा साधारण पाच फूट. पाच फूट आठ इंचांचा माणूस त्यात सरळ झोपत नाही. एकटा असेल तर तिरका मावेल, दोघं नाही. म्हणून परदेशात गादी केबिनच्या डोक्यावर नेतात. तिथे लांबी मिळते, पण रात्री दोनला लघवीला जायचं तर शिडी उतरायची, पावसात तीच शिडी निसरडी, आणि गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर विषयच संपला. (आमच्या आईने त्या शिडीकडे एकदा पाहिलं आणि ‘मी पुढच्या सीटवर झोपते’ म्हणून मोकळी झाली.) आपल्यासाठी सोपा उपाय म्हणजे फाळका, हौद्याचं मागचं खाली पडणारं झडप. तो आडवा पाडला की दीडेक फूट वाढतो आणि लांबी साडेसहा फुटांपर्यंत जाते. माच दोन तुकड्यांत करायचा: मोठा तुकडा हौद्यात कायमचा, छोटा बिजागरीने उलगडून पडलेल्या फाळक्यावर टेकणारा. कॅनोपीचं मागचं दार वर उचललं की त्याच्या कडेपासून फाळक्यापर्यंत तिन्ही बाजूंनी पाल लावायची, वर ताडपत्रीचं कापड, मध्ये मच्छरदाणीच्या जाळीची खिडकी. गाडी उभी असतानाच हे उघडायचं. चालत्या गाडीबाहेर काही लोंबकळत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर दंडच २० हजार रुपयांचा आहे.

माचाची उंची चाकांवरच्या फुगवट्यांपेक्षा बोटभर जास्त ठेवा, म्हणजे हौद्याची पूर्ण रुंदी झोपायला मिळते आणि खाली सामानाचे लांब खण तयार होतात. पण इथे उंचीचा हिशेब आडवा येतो. हौद्याची खोली दीड फुटाच्या आसपास, वर केबिनच्या पातळीची कॅनोपी आणखी दीड फूट, मिळून तीन. त्यातून माच आणि गादीचा फूटभर वजा करा. दोन फुटांत माणूस झोपतो, पण कूस बदलून उठून बसू शकत नाही, आणि पाऊस दिवसभर लागला तर दोन फुटांत पडून राहणं म्हणजे शिक्षा आहे. घरी गादीवर मांडी घालून बसा आणि बायकोला डोक्यापर्यंत टेप लावायला सांगा. तेवढी उंची आत मिळाली पाहिजे, म्हणजे कॅनोपी केबिनपेक्षा वर काढावी लागेल.

किती वर, ते तुमच्या सोसायटीचं पार्किंग ठरवणार. व्ही-क्रॉस मुळातच सहा फुटांच्या वर आहे. स्लॅबची उंची पुरेशी असली तरी तुळई, स्प्रिंकलरचे पाइप आणि सांडपाण्याच्या वाकलेल्या नळ्या खाली आलेल्या असतात, आणि उताराच्या तोंडाशी गाडीचं मागचं टोक वर उठतं ते वेगळंच. सगळ्यात खालची नळी मोजा, चार बोटं सोडा, उरेल तेवढी कॅनोपी. जागाच नसेल तर छत उचलण्याचा प्रकार घ्यावा लागेल, आणि तिथे माझी एक हरकत आहे.

ती हरकत पावसाची. उचलणाऱ्या छताच्या भिंती कापडाच्या असतात. जुलैत ताम्हिणीत पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. कापड कितीही चांगलं असलं तरी रविवारी सकाळी ते ओलं घडी करूनच मिटावं लागतं. मग ते पुण्यात वाळवणार कुठे? ओली घडी पुढच्या शुक्रवारपर्यंत बंद राहिली की काळे ठिपके धरतात, आणि तो बुरशीचा वास गादीलाही लागतो. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांचं ठीक आहे. फ्लॅटवाल्याने बंद भिंतीच घ्याव्यात, थोडी उंची कमी मिळाली तरी. फाळक्याची पाल सुटी असते, ती बाल्कनीत दोरीवर टाकता येते.

आता बनवून घेण्याबद्दल, कारण तयार फायबर कॅनोपी उंचीला कमी पडली तर तुम्ही फॅब्रिकेटरकडे जाणारच. लोखंडाच्या कामाचा भाव बहुतेक जण किलोवर सांगतात. म्हणजे चौकट जितकी जड, तितकं बिल मोठं, आणि वर ‘मॅडम, मजबूत पाहिजे ना?’ हा प्रश्न. त्याला हलकं करून देण्यात काही मिळतच नाही. तेव्हा कामाचा भाव आधी एकरकमी ठरवा आणि कागदावर नळीचं माप लिहून द्या. फरक केवढा पडतो बघा: २५ बाय २५ मिलिमीटरची सोळा गेजची (म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीची) चौकोनी नळी मीटरला सव्वा किलोच्या आत बसते, ४० बाय ४०ची तीन मिलिमीटर जाडीची साडेतीन किलो. चौकटीला २० मीटर नळी लागली तर एकीकडे २४ किलो, दुसरीकडे ७०. झोपायच्या माचाला पहिली पुरते, टेकू दोन-दोन फुटांवर दिले की झालं. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण ते जोडणारा हात चांगला हवा, आणि खडबडीत रस्त्यावर वेल्डिंगचे जोडच आधी तडकतात. ॲल्युमिनियम घेतलंत तर नट-बोल्ट आणि रिव्हेटचे जोड मागा.

प्लायवुडच्या बाबतीतही तसंच. सुतार सवयीने अठरा मिलिमीटर सांगेल. आठ बाय चारचा अठराचा एक तक्ता ३२ ते ३७ किलोंचा असतो, नऊचा त्याच्या निम्म्याने. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये मरीन प्लायचा नऊ किंवा बारा मिलिमीटरचा तक्ता घ्या आणि कडांना दोन हात पॉलियुरेथेन द्या, कारण पाणी कडेतूनच शिरतं. बिजागऱ्या, कड्या, दोर बोहरी आळीत, बारा व्होल्टचे दिवे आणि वायर तपकीर गल्लीत. एका सकाळी उरकतं, फक्त गाडी घेऊन जाऊ नका.

धुळीबद्दल फारसं कोणी सांगत नाही. कच्च्या रस्त्यावर चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. रबराची पट्टी लावाच, पण कॅनोपीच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यात जाळी आणि झाकण असलेलं एक छोटं हवेचं तोंडही ठेवा. पुढून हवा आत आली की दाब वाढतो आणि मागून धूळ शिरत नाही. रात्री तेच झाकण वायुवीजनाला उपयोगी पडतं. आत दोन माणसांच्या श्वासाची वाफ पत्र्यावर जमून सकाळी तोंडावर ठिबकते, म्हणून आतून दहा मिलिमीटरचा बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम चिकटवा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या पावसातही बोटभर उघड्या राहतील अशा करा.

आत स्वयंपाकघर नको. शेगडी फाळक्यावर किंवा घडीच्या टेबलावर, उघड्यावर. बंद कॅनोपीत गॅस किंवा कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस जाऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. विजेचं म्हणाल तर बारा व्होल्टचा वीस वॉटचा पंखा आठ तास चालला तरी १६० वॉट-तास, दिवे आणि दोन मोबाइल धरून ३०० वॉट-तासांत रात्र निघते. तेवढ्यासाठी छोटं लिथियमचं पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा, बास. घरातल्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी कोणी सुचवली तर हात जोडा, ती ५०-६० किलोंची असते. एसीचा विचार करू नका, एप्रिल-मेमध्ये कोकणाऐवजी घाटमाथ्यावर झोपा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२प्रमाणे गाडीचं मूळ स्वरूप बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलंय. राहण्याच्या सोयी कायमच्या बसवलेल्या गाडीला, म्हणजे मोटर कॅराव्हॅनला, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि ते आपल्या पुण्यातल्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेतून मंजुरी घेण्याचं काम आहे, एकट्या माणसाने करण्याचं नाही. म्हणून बॉडीला भोक पाडू नका, काही कापू नका. कॅनोपी क्लॅम्पवर, माच चार बोल्टांवर, दोघांनी मिळून उचलून खाली ठेवता येईल असं सगळं ठेवा. तरीही संगम पुलाजवळच्या आरटीओत कॅनोपीबद्दल आधी विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा, उत्तरही लेखीच मागा.

सगळं बसवल्यावर भोसरी-चाकणच्या बाजूला कुठल्याही वजनकाट्यावर गाडी न्या. कॅनोपीच्या आधी एकदा आणि भरल्यावर एकदा, दोन्ही वेळा तुम्ही दोघं आत बसून. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर. एकूण वजन आरसीच्या आत आलं आणि पुढच्या चाकांवरचा भार मात्र आधीपेक्षा घटला, तर वजन मागच्या एक्सलच्याही मागे गेलंय. वरंधच्या वळणांवर पुढून गाडी हलकी लागेल आणि रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतील. पाण्याचे कॅन आणि बॅटरी केबिनच्या भिंतीला सरकवा आणि पुन्हा तोला.