वाचकांचे प्रश्न : पुढच्या ब्रेकचे पॅड घरी बदलताना

प्रश्न : ब्रेक दाबला की माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून बारीक, किंचाळल्यासारखा आवाज येतो. पंक्चर झालेले चाक मी स्वतः बदलतो आणि हत्यारे हाताळण्याची मला सवय आहे. पॅड घरी बदलणे सुरक्षित आहे का? असल्यास काम कसे करावे?

उत्तर : ज्याला पाना नीट धरता येतो आणि घाई करण्याची सवय नाही, अशा माणसाला हे काम निश्चित जमते. पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीला (डिस्कला) दाबून गाडी थांबवणारे घर्षणाचे तुकडे, काढणे आणि बसवणे यात फारसे अवघड काही नाही. खरे लक्ष द्यावे लागते ते जुना पॅड हातात आल्यावर, कारण तो का आणि कसा झिजला हे न पाहता नवा बसवला, तर नवाही तसाच झिजतो.

आपण वर्णन केलेला आवाज बहुधा पॅडवरच्या पोलादी पट्टीचा असावा. अनेक पॅडना अशी बारीक पट्टी मुद्दाम जोडलेली असते आणि घर्षणाचा थर दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासून ओरडू लागते. मात्र आवाज किंचाळण्याऐवजी खरवडल्यासारखा येत असेल, तर थर संपून धातूवर धातू घासत आहे असे समजावे आणि गाडी चालवू नये.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच अर्धा फेरा सैल करावेत. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक स्टँड लावून त्यावर भार आल्याखेरीज हात आत घालू नये. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले, तर आणखी एक आधार मिळतो.

स्टिअरिंग वळवल्यावर कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची, मागची बाजू समोर येते. बहुतेक गाड्यांत खालच्या गाइड पिनचा (कॅलिपर जिच्यावरून सरकतो त्या सळईचा) बोल्ट काढला की कॅलिपर पेटीच्या झाकणासारखा वर उघडतो. दोन्ही बोल्ट काढावे लागले, तर कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला अडकवावा, कारण ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचे वजन पडता कामा नये.

आता जुने दोन्ही पॅड शेजारी ठेवून पाहावेत. सर्वसाधारण गाडीत पिस्टन (ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या) आतल्या बाजूलाच असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर पिनांवरून आत सरकून बाहेरचा पॅड ओढून धरतो. साहजिकच पिना गंजल्या किंवा त्यांतले ग्रीस सुकले, तर कॅलिपर सरकत नाही, सगळे काम आतल्या पॅडवर पडते आणि तो संपत आला तरी बाहेरचा जाडच राहतो. चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्याला दिसतो तो बाहेरचाच पॅड, त्यामुळे अनेकांची फसगत होते. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झिजला असेल, तरीही आधी पिना आणि पॅड सरकण्याच्या खाचा तपासाव्यात. पिना रबरी बुटांतून (आवरणांतून) काढून स्वच्छ पुसाव्यात आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस पातळ लावून बोटाने सहज सरकतात ना, ते पाहावे. साध्या ग्रीसने हे रबर फुगते आणि पिना पुन्हा अडकतात. काही गाड्यांत दोन पिना सारख्या नसतात, म्हणून जिची जागा तिलाच द्यावी. बूट फाटला असेल तर नवा घालावा.

डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. कडेला न झिजलेल्या भागाची उंच कड उरते आणि व्हर्नियर (जाडी मोजण्याचे साधन) त्या कडेवर टेकला तर डिस्क आहे त्यापेक्षा जाड भरते, म्हणून माप कडेच्या आतून घ्यावे. डिस्क मर्यादेखाली गेली असेल, तिला तडा असेल किंवा नखाला अडतील अशा खोल चऱ्या असतील, तर तिच्यावर नवे पॅड बसवू नयेत.

पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून पातळी पाहावी. पॅड झिजत गेल्यावर कोणी वरून ऑइल भरले असेल, तर आता ते बाहेर सांडेल, आणि नेहमीच्या वापरातले हे ऑइल रंग खाते. सांडलेच, तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. पिस्टनवर जुना पॅड आडवा ठेवून सी-क्लॅम्पने (स्क्रू फिरवून दाबणाऱ्या शिकंजाने) पिस्टन सावकाश आत न्यावा. बेताचा जोर लावूनही तो हलत नसेल, तर तिथेच थांबून कॅलिपर मेकॅनिकला दाखवावा. मागच्या चाकांच्या डिस्क ब्रेकला ही रीत लावू नये, कारण तिथे अनेकदा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो किंवा त्याला हँडब्रेकची मोटर जोडलेली असते.

नवा पॅड खाचेत हाताने सरकला पाहिजे. ठोकावा लागत असेल, तर खाचेतला गंज तारेच्या ब्रशने काढावा. ग्रीस लावायचे तर पॅडच्या पाठीला आणि कानांना (खाचेत बसणाऱ्या टोकांना), तेही अगदी थोडे. घर्षणाच्या बाजूला किंवा डिस्कला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत, म्हणजे क्लिप कशी बसते अशी शंका आली तर दुसरे चाक पाहता येते. पिनांचे बोल्ट आणि चाकाचे नट पुस्तिकेतल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या जोरानुसार) आवळावेत, त्यांतले नट समोरासमोरच्या क्रमाने.

यानंतरची गोष्ट कोणत्याही कारणाने विसरू नये. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पहिल्यांदा दाबल्यावर पेडल थेट खाली जाते. गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी, इंजिन बंद असतानाच, पेडल कडक होईपर्यंत हळूहळू दाबत राहावे आणि नंतर ऑइलची पातळी पुन्हा पाहावी.

प्रश्न : फक्त डाव्या चाकाचे पॅड संपले आहेत. तेवढेच बदलले तर चालेल का?

उत्तर : नाही. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत, अन्यथा दोन बाजूंची पकड वेगळी राहून जोरात ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जाते. एकाच बाजूचे पॅड लवकर झिजणे हे बहुधा त्या कॅलिपरच्या पिना किंवा पिस्टन अडकत असल्याचे लक्षण असते, म्हणून ते तपासावेत.

प्रश्न : ब्रेकवर साचलेली काळी धूळ हवेच्या दाबाने उडवावी का?

उत्तर : मुळीच नाही. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि एरवीही ही बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. मास्क लावून ब्रेक क्लीनरने ओली करावी आणि फडक्याने पुसून घ्यावी.

प्रश्न : नवे पॅड घातल्यावर पेडल कडक आहे, पण गाडी पूर्वीइतकी चटकन थांबत नाही. काय चुकले असेल?

उत्तर : डिस्कला किंवा पॅडला ग्रीस लागले नसेल, तर बहुधा काहीच चुकलेले नाही. नव्या पॅडच्या घर्षणद्रव्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो आणि तोवर पकड कमी राहते. मोकळ्या रस्त्यावर ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगावरून 10 पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करावा, मधे ब्रेक थोडा गार होऊ द्यावा आणि असे आठ-दहा वेळा करावे. पॅडच्या उत्पादकाने वेगळी पद्धत दिली असेल, तर तीच पाळावी. तापलेल्या अवस्थेत पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नये, कारण पॅडचे द्रव्य डिस्कवर एकाच जागी चिकटते आणि पुढे ब्रेक लावताना पेडल थरथरते. यानंतरही पकड सुधारली नाही, किंवा पेडल मऊ लागून दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर ब्रेकमध्ये दोष आहे; पेडल मऊ असेल, तर बहुधा ऑइलमध्ये हवा शिरलेली असते किंवा कुठेतरी गळती असते. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये, मेकॅनिकला घरी बोलवावे.