तेज : धार आणि झळाळी

नौपाडा, ठाणे

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझा खर्डा दोनदा वाचला. तलावपाळीवरचे दिवाळीचे दिवे, वक्त्याचा चेहरा, आजीचे डोळे, इतकेच नव्हे तर घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींच्या काचासुद्धा तू ‘तेज’ या एकाच शब्दाने उजळल्या आहेस. शब्द मोलाचा आहे, आणि म्हणूनच तो असा सरसकट खर्ची पडलेला पाहून मला हळहळ वाटली.

‘तेजस्’ हा शब्द संस्कृतातील ‘तिज्’ या धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा मूळ अर्थ चकाकणे असा नसून धार लावणे असा आहे. संस्कृतात तेजस् म्हणजे शस्त्राची धार किंवा ज्वालेचे टोक, आणि झळाळी, प्रभाव, पराक्रम हे अर्थही त्याच शब्दात सामावलेले आहेत. ‘तीक्ष्ण’ त्याच धातूचा. ‘उत्तेजन’ म्हणजेही मुळात धार चढवणे. फारसीतला ‘तेज’ हा या शब्दाचा दूरचा भाऊबंद असून बाजारातली तेजी आणि तेजाब, म्हणजे जहाल पाणी, हे शब्द आपल्याकडे त्या वाटेने आले.

आमच्या गल्लीत सायकलवर दगडी चाक बसवलेला धार लावणारा अजूनही येतो. तो विळीचे पाते चाकावर धरतो, ठिणग्या उडतात आणि काळवंडलेली कड बघता बघता लखलखू लागते. धार आणि चमक तेथे एकाच क्षणी जन्माला येतात. मराठीतल्या ‘पाजळणे’ या क्रियापदाने हेच जपले आहे. आपण शस्त्र पाजळतो आणि दिवटीही पाजळतो.

पंचमहाभूतांतले तेज म्हणजे अग्नितत्त्व. तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या ग्रंथात त्याचे लक्षण ‘उष्ण स्पर्श असलेले’ असे केले आहे, दिसण्यावरून केलेले नाही, आणि अन्न पचवणारा जठराग्नीही त्यातच गणला आहे. म्हणून ट्यूबलाइटचा उजेड पडतो, तिचे तेज कोणी म्हणत नाही. आणि अंधाऱ्या खोलीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र तेज असू शकते.

ते हिरावूनही घेता येते, हे ‘तेजोभंग’ आणि ‘तेजोवध’ हे शब्द सांगतात. महाभारतात युधिष्ठिर शल्याला विनवतो की, कर्णाचे सारथ्य तुझ्याकडे आले तर त्याचा तेजोवध कर. आणि शल्य ऐन रणात, त्याच्याच रथावर बसून, नुसत्या शब्दांनी ते करतो. उजेड विझवायला फुंकर पुरते, पण तेजाचा वध करावा लागतो, एवढा सजीवपणा भाषेने या शब्दाला दिला आहे. आज वर्तमानपत्रे कोणत्याही टीकेला तेजोवध म्हणतात, ते मला पटत नाही.

आणखी एक शब्द मला फार प्रिय आहे. याच धातूला इच्छार्थक प्रत्यय लागून ‘तितिक्षा’ तयार होतो, आणि त्याचा अर्थ सहनशीलता. धारेच्या धातूतून सोसणे कसे निघाले, याचा विचार मी अनेक वर्षे केला आहे. मला वाटते, चाकावर घासले जाण्याची पात्याची तयारी त्यात असावी. ही माझी समजूत आहे, व्याकरणाचा निर्णय नव्हे.

आता खर्ड्याकडे वळ. दिव्यांना ‘उजेड’ पुरे, काचांना ‘चकाकी’, पाण्यातल्या प्रतिबिंबाला ‘झगमग’. वक्त्याचे ‘तेज’ ठेवायचे असेल, तर त्याच्या बोलण्याची धार दाखवणारे एखादे वाक्य आधी यायला हवे. आजीच्या डोळ्यांबद्दल मी काही सुचवत नाही. तिने काय सोसले ते तू पुढच्याच परिच्छेदात लिहिले आहेस, तेथे हा शब्द अचूक बसला आहे.

सुधारलेला खर्डा घेऊन रविवारी सकाळी ये. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढून ठेवतो. ‘पाजळणे’ तुझ्या डोळ्यांनी पाहा.

तुझा शुभचिंतक