मेलबर्नच्या रेडिओत काम शोधताना आधी लायसन्स विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला राहता, मुंबईच्या एका खासगी एफएमवर एअरटाइम विकता, शनिवार-रविवार मराठी शोही करता. यजमानांची बदली मेलबर्नला झाली आहे आणि तिथल्या सगळ्या स्टेशनांची यादी काढून एकच सीव्ही सगळीकडे धाडायचा बेत आहे. मराठी आरजे म्हणून पगारी काम मिळेल का, असं विचारलंत.

मराठी आरजे हे पगारी पद तिथे नाहीच असं धरून चाला. विक्रीच्या अनुभवाला मात्र किंमत आहे. फक्त कुठल्या स्टेशनला काय विकता येतं हे त्याच्या लायसन्सवर ठरतं, त्यामुळे यादी स्टेशनांच्या नावांनी न करता लायसन्सच्या प्रकारांनी करा. मालक कोण, पैसा कुठून येतो आणि कार्यक्रम कोणासाठी, हे सगळं एकदम कळतं. लायसन्स देणारी संस्था म्हणजे ऑस्ट्रेलियन कम्युनिकेशन्स अँड मीडिया ऑथॉरिटी, एसीएमए. कायदा १९९२चा ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस अ‍ॅक्ट. फक्त एबीसी आणि एसबीएस या सरकारी पैशावरच्या दोन प्रसारकांचे कायदे वेगळे.

मुंबईत हा घोळ जाणवत नाही. आकाशवाणी, खासगी एफएम आणि मुंबई विद्यापीठाच्या १०७.८सारखी थोडी कम्युनिटी स्टेशनं, झालं. खासगी एफएममध्ये तर मालक बदलला तरी गाणी तीच. शिवाय ठाण्याला वेगळं खासगी लायसन्स नाही. राम मारुती रोडवरच्या साडीवाल्याला फक्त ठाणेकर हवे असले तरी तो विरार ते पनवेल सगळ्यांचे पैसे मोजतो, हे तुम्ही रोज बघता.

मेलबर्नची बडी व्यावसायिक स्टेशनंही अशीच शहरभर ऐकू जातात. पण एका मालकाला एका लायसन्स क्षेत्रात दोनापेक्षा जास्त व्यावसायिक रेडिओ लायसन्स ठेवता येत नाहीत, आणि तिथलं सगळं गणित या एका नियमातून निघतं. दोनच मिळणार असतील तर दोन्हींना एकाच श्रोत्यामागे पळवणं म्हणजे आपलंच गिऱ्हाईक आपणच खाणं. म्हणून जोड्या लागतात. साउदर्न क्रॉस या कंपनीकडे तरुणांसाठी, त्यातही बायकांकडे झुकलेलं फॉक्स १०१.९ आणि पुरुषांसाठी, रॉक आणि फुटीवालं (फुटी म्हणजे तिथला फुटबॉल) ट्रिपल एम १०५.१. एआरएनकडे किस १०१.१ आणि जुन्या गाण्यांचं गोल्ड १०४.३. नोव्हाकडे नोव्हा १०० आणि चाळिशीच्या पुढच्यांसाठी मवाळ गाण्यांचं स्मूथ ९१.५. विक्रेत्याला जोडी एकत्र विकायची असते. एजन्सीने '२५ ते ५४' असा वयोगट मागितला की दोन्हींचं पॅकेज पुढे करायचं. आपल्याकडे २०१५च्या फेज थ्रीपासून, म्हणजे खासगी एफएमच्या लिलावाच्या तिसऱ्या फेरीपासून, एका कंपनीला शहरातली ४० टक्क्यांपर्यंत चॅनेल घ्यायची मुभा आहे, तरी अशी नीट वाटणी फारशी झाली नाही. सगळे बॉलिवूडच्या एकाच ताटात जेवतात.

श्रोत्यांची मोजणी जीएफके ही कंपनी करते. मोठ्या शहरांत वर्षाला ८ सर्व्हे होतात, आणि प्रत्येक निकालाच्या दिवशी सेल्स टीमचं रेटकार्ड हलतं. आपल्याकडच्या रॅम या श्रोतेमोजणीच्या डायरीची सवय असेल तर वयोगट, शेअर, क्युम (एकूण वेगवेगळे श्रोते) ही भाषा नवी वाटणार नाही. सीव्हीत 'क्लायंट सर्व्हिसिंग' असलं गुळगुळीत न लिहिता किती थेट गिऱ्हाइकं आणि किती एजन्सीची सांभाळली, नूतनीकरण किती झालं, एका गिऱ्हाइकाचा महिन्याचा खर्च कितीवरून कितीवर नेला, हे आकड्यांत लिहा. एफसीटी (जाहिरातीचा वेळ), आरओडीपी (दिवसाच्या ठरावीक भागात कधीही लागणारे स्पॉट) ही आपली संक्षिप्त रूपं तिथे कोणाला कळणार नाहीत, उलगडून लिहा. कंपन्यांवर टार्गेटचा दबाव असण्याचं कारण जुनं आहे. सन २०००मध्ये सिडनीच्या एका एफएम लायसन्सचा लिलाव १५.५ कोटी डॉलरला गेला. एवढे पैसे ओतून कोणी कलेसाठी स्टेशन चालवत नाही.

व्यावसायिक स्टेशनवर दोन गोष्टी तुम्हाला नव्या. एक, बातम्या आणि टॉकबॅक, म्हणजे श्रोत्यांशी फोनवर चर्चा. आपल्या खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावावं लागतं. तिथे ३एडब्ल्यू ६९३सारखं एएम स्टेशन दिवसभर बातम्या आणि श्रोत्यांच्या फोनवरच चालतं. लाइव्ह फोन काही सेकंद उशिरा हवेत जातो आणि अब्रुनुकसानीचं काही निघालं की प्रोड्युसर डंपचं बटण दाबतो. दुसरी, आरजे मेन्शन, म्हणजे निवेदकाने बोलता बोलता केलेली जाहिरात. १९९९मध्ये 'कॅश फॉर कॉमेंट' प्रकरण बाहेर आलं: टॉकबॅकचे नामवंत निवेदक कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांच्याबद्दल गोड बोलत होते आणि श्रोत्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यानंतर चालू घडामोडींच्या कार्यक्रमात असे करार जाहीर करणं बंधनकारक झालं. 'कालच मी त्यांच्या शोरूमला जाऊन आले' छापाचं मेन्शन लिहिण्याआधी तिथल्या प्रोड्युसरला विचारा.

(स्टेशनच्या नावातला पहिला आकडा राज्याचा असतो. ३ म्हणजे व्हिक्टोरिया, २ न्यू साउथ वेल्स, ४ क्वीन्सलँड. अर्ज चुकून सिडनीला जात नाही ना, हे त्यावरून कळतं.)

एबीसी १९३२ची. केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकातून पैसे येतात आणि देशांतर्गत रेडिओवर जाहिरात नाही, म्हणजे तुमच्या विक्रीच्या अनुभवाला तिथे जागाच नाही. मेलबर्नला ७७४ एएम हे स्थानिक, त्याशिवाय रेडिओ नॅशनल, तरुणांसाठी ट्रिपल जे वगैरे. प्रोड्युसर, रिपोर्टर म्हणून इंग्रजीतलं काम दाखवता येत असेल तरच अर्ज करा.

एसबीएसकडे सरकारी पैसाही आहे आणि जाहिरातही, तासाला ५ मिनिटांच्या मर्यादेत. सुरुवात १९७५मध्ये सिडनीच्या २ईए आणि मेलबर्नच्या ३ईए या स्टेशनांपासून झाली, आज साठहून जास्त भाषांत काम चालतं. दक्षिण आशियाई भाषांसाठी एसबीएस साउथ एशियन असं वेगळं चॅनेल आहे. कुठल्या भाषेला सेवा द्यायची हे ठरवताना जनगणनेतली घरगुती भाषेची संख्या बघतात, पण इंग्रजी किती येतं, माणसं किती नवी, अडचणीत किती, हेही मोजतात. मराठी मंडळी बहुतेक आयटी किंवा अकाउंट्समध्ये, इंग्रजीत सराईत, त्यामुळे गरजेच्या निकषावर मागे पडणार हे उघड आहे. तरी जनगणनेचा फॉर्म आला की 'घरी कोणती भाषा' या रकान्यात सोयीसाठी हिंदी लिहू नका. जनगणना दर ५ वर्षांनी होते, २०२१नंतरची २०२६ची.

आता कम्युनिटी रेडिओ. मराठीत माइकसमोर बसायचं असेल तर खरा दरवाजा हा. देशात अशी साडेचारशेच्या वर स्टेशनं आहेत. लायसन्स ना-नफा संस्थेकडे असतं, मुदत ५ वर्षांची, आणि नूतनीकरणाच्या वेळी आपण ज्या समाजाचं नाव घेतलं त्याला खरोखर सहभागी करून घेतलं का, हे दाखवावं लागतं. समाज म्हणजे कधी एखादा भाग: सदर्न एफएम ८८.३, ईस्टर्न एफएम ९८.१ ही उपनगरी स्टेशनं. नौपाड्यातल्या क्लासवाल्याला मुंबईत जे मिळत नाही, म्हणजे फक्त आपल्या भागातले श्रोते, ते ही स्टेशनं देतात. कधी समाज म्हणजे भाषा: ९२.३वरचं ३झेडझेडझेड, बोलताना थ्री ट्रिपल झेड, हे पूर्णपणे स्थलांतरितांच्या भाषांचं स्टेशन.

अशा स्टेशनवर सहसा भाषेचा गट असतो आणि वेळ गटाला मिळतो, व्यक्तीला नाही. म्हणून 'मला तासभर द्या' असा ईमेल स्टेशन मॅनेजरला पाठवून उपयोग नाही. आधी गट आहे का ते शोधा; असेल तर सभासद व्हा, वर्गणी भरा, संयोजकाला भेटा, दुसऱ्याच्या कार्यक्रमात फोन घ्या, मग पॅनल शिका. पॅनल म्हणजे आपला कन्सोल, आवाज कमी-जास्त करायचा. तिथे वेगळा इंजिनिअर बसत नाही, बोलणाऱ्यानेच फेडर, गाणी, फोन सांभाळायचे, आणि पॅनलची चाचणी पास झाल्याशिवाय एकट्याला स्टुडिओ देत नाहीत. गट नसेल तर नवा उभारायला नुसता उत्साह पुरत नाही. वर्षभर दर आठवड्याला स्टुडिओत येणारी पाच-सहा माणसं आधी कागदावर दाखवा. गणपतीत वीस जण उभे राहतात, जानेवारीच्या सुट्टीत एकही नसतो, आणि रिकामा गेलेला तास स्टेशन लक्षात ठेवतं.

पैसे तीन वाटांनी येतात: सभासदांच्या वर्गण्या आणि रेडिओथॉन (हवेतून देणग्या मागायची मोहीम), कम्युनिटी ब्रॉडकास्टिंग फाउंडेशनमार्फत वाटलं जाणारं सरकारी अनुदान, आणि प्रायोजक. जाहिरात कायद्यानेच बंद आहे. प्रायोजकाची घोषणा चालते, तासाला ५ मिनिटं. म्हणजे ३० सेकंदांचे १० स्पॉट. आठवड्याला एक तास मिळाला तर वर्षाला ५२० स्पॉट, तेही सगळे विकले गेले तर, आणि पैसा जातो स्टेशनच्या खात्यात. यातून कोणाचा पगार निघत नाही, म्हणून सुरुवातीलाच तसं लिहिलं.

घोषणा आणि जाहिरात यांतला फरक एका वाक्याचा आहे आणि नवखे तिथेच अडकतात. समजा टार्नीट या मेलबर्नच्या उपनगरातल्या मिठाईवाल्याचा मजकूर असा आला: 'दिवाळीचा फराळ आमच्याकडे तयार, चकली, अनारसे, करंज्या, शनिवारपर्यंत ऑर्डर द्या.' एवढंच वाचलं तर नियमभंग. शेवटी 'हे या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत' जोडलं की चालतं; माल, भाव, पत्ता सांगायला बंदी नाही. ते वाक्यही ५ मिनिटांतच मोजा. दुसरा खड्डा मोबदल्याचा: रोख पैसे नसले, फराळाचे डबे स्टुडिओत आले, तरी तो मोबदलाच. डबे ठेवून घ्यायचे आणि पुढच्या लिंकमध्ये, म्हणजे दोन गाण्यांमधल्या बोलण्यात, सहज म्हणून चकलीचं कौतुक करायचं, हे आपल्याकडे स्नेहात बसतं, तिथे प्रायोजकाच्या वेळेत धरलं जातं. तिसरा खड्डा: प्रायोजकाने पाहुणा किंवा विषय ठरवायचा नाही. एखाद्या रिअल इस्टेट एजंटने 'दर महिन्याला माझी मुलाखत, मग पैसे' असा प्रस्ताव दिला तर नाही म्हणा. निवडणुकीच्या काळात राजकीय मजकूर आला तर तो कोणाच्या अधिकाराने आहे हे सांगणं आणि नोंद ठेवणं बंधनकारक आहे. असलं काही स्वतःच्या हिमतीवर हवेत सोडू नका, स्टेशन मॅनेजरकडे द्या. चालू घडामोडींच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ६ आठवडे जपावं लागतं.

चौथा प्रकार नॅरोकास्टिंग, आणि नोकरी शोधणाऱ्या भारतीयांना पहिला फोन बहुतेक इथूनच येतो. ठरावीक गटासाठी किंवा मर्यादित भागासाठी ही परवानगी असते: घोड्यांच्या शर्यती, पर्यटन, धर्म, परदेशी भाषा. मालक खासगी, जाहिरातीला कम्युनिटीसारखी मर्यादा नाही. बऱ्याच ठिकाणी तास भाड्याने विकले जातात: स्लॉट तुम्ही घ्यायचा, जाहिराती तुम्ही आणायच्या, उरेल ते तुमचं. नोकरी म्हणून बोलावलं आणि असा करार पुढे केला तर तो धंदा आहे, जोखीम तुमची, हे समजून सही करा.

सही करण्याआधी फ्रिक्वेन्सी विचारा. ८७.६, ८७.८ किंवा ८८.० एफएम असेल तर ते कमी शक्तीचं स्टेशन: निवासी भागात १ वॅट, इतरत्र १० वॅट. भारतातल्या कम्युनिटी स्टेशनलाही १०० वॅटपर्यंत मुभा आहे, त्यावरून अंदाज करा. वाशी स्टेशनजवळ लावलं तर कोपरखैरण्याला धड ऐकू यायचं नाही, आणि त्याचा रेट शहरभराचा म्हणून सांगायचा असेल तर ते काम घेऊ नका. १६११ ते १७०१ किलोहर्ट्झ एएम असेल तर पल्ला बराच मोठा, पण जुने रेडिओ संच १६०५च्या आसपासच थांबतात. आजी-आजोबांसाठी कार्यक्रम विकताना त्यांच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर तो लागतो का, हे प्रायोजक नक्की विचारेल. उत्तर तयार ठेवा, नाहीतर अ‍ॅपची लिंक द्या.

फक्त इंटरनेटवरचं मराठी स्टेशन काढायचं तर प्रसारणाचं लायसन्स लागत नाही, पण गाण्यांचे हक्क लागतात: रचनेसाठी एप्रा अमकॉस, ध्वनिमुद्रणासाठी पीपीसीए. आपल्याकडच्या आयपीआरएस आणि पीपीएलचे भाऊच म्हणा. 'मराठी गाणी तिथे कोण तपासतंय' या भरवशावर राहू नका.

निघण्यापूर्वी ठाण्यातच उरकायचं ते हे. स्टेशनच्या लेटरहेडवर पद, तारखा आणि विकलेल्या उलाढालीचा उल्लेख असलेलं पत्र घ्या. राजीनाम्यानंतर एचआर ओळखही दाखवत नाही. एअरचेक (शोच्या रेकॉर्डिंगचे नमुने) दोन करा, प्रत्येकी २-३ मिनिटांचे, गाणी कापून फक्त तुमच्या लिंक: एक मराठी, एक इंग्रजी. इंग्रजीत मुलाखत घेतल्याचा तुकडा हवाच, उच्चार बदलून बोलू नका, ते लगेच कळतं. यजमानांचा व्हिसा ४८२ असेल तर जोडीदारालाही कामाची मुभा असते. तरी अटी व्हीईव्हीओ या व्हिसा तपासायच्या सरकारी ऑनलाइन सेवेवर तपासून प्रिंट जवळ ठेवा, एचआर तीच मागते. व्यावसायिक कंपन्यांत अकाउंट मॅनेजरच्या जागांसाठी अर्ज इथूनच सुरू करा, पण डिसेंबर-जानेवारीत उत्तराची वाट बघू नका, तेव्हा तिथे उन्हाळी सुट्टी असते. भाषेच्या गटाला मात्र आजच लिहा आणि त्यांचे दोन-तीन कार्यक्रम ऑनलाइन ऐकून मगच लिहा. कुठला ऐकलात ते पहिल्याच ओळीत आलं की संयोजक उत्तर देतो.